वाऱ्याकडचं पहिलं छप्पर

मैनाआईचं व्रत साधं होतं, फक्त गाव चुकीचं होतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज सूर्य डोळ्यांनी पाहायचा, हात जोडायचे आणि मगच तोंडात घास घालायचा. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर कुणी हे व्रत धरलं तर त्याला व्रत म्हणायचीही लाज वाटावी, इतकं तिथे सकाळपासून लख्ख ऊन. पण मैनाआई राहायची वाक्वाला, बेटाच्या मधल्या पठारावर, आणि तिथे चातुर्मास ऐन थंडीत येतो. त्या दिवसांत आग्नेयेचे व्यापारी वारे शेकडो कोस समुद्रावरून ओल गोळा करीत येतात, पठाराला धडकून वर चढतात, गारठतात, आणि त्यांचा ढग ओल्या घोंगडीसारखा वाक्वाच्या डोक्यावर पसरून बसतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस उठत नाही.

मैनाआईच्या खापरपणजीने कोकणातून उसाच्या मळ्यावर येताना बोचक्यात काय काय आणलं ते आता कुणाला ठाऊक नाही, पण हे व्रत आणलं. तिकडचा चातुर्मास पावसाचा, इकडचा वाऱ्याचा. "सूर्याला लपायचंच असलं तर तो दोन्हीकडे लपतो," असं मैनाआई म्हणायची. देवळातले पुजारी एकदा म्हणाले, "मैनाबाय, तुमचं वय झालं. सूर्यनारायणाची तसबीर बघून जेवलात तरी चालेल." त्यावर ती हळूच म्हणाली, "हो का? मग उद्याच्या प्रसादाला तुम्हाला शिऱ्याची तसबीर पाठवते." पुजाऱ्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

ढगाला मधूनच भोक पडतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं ऊन येतं आणि जातं. ते गाठायचं तर कुणीतरी वर बघत असायला हवं. ते काम शेजारच्या रोझलीनबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. बाई ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, पण भिंतीपलीकडे कपडे वाळत घालताना ढग फाटलेला दिसला की त्या खड्या आवाजात ओरडायच्या, "सोलेय! मामा मैना, सोलेय!" सोलेय म्हणजे त्यांच्या क्रिओल बोलीत सूर्य, आणि मामा म्हणजे आई. मैनाआई हातातलं टाकून अंगणात धावायची, हात जोडायची, आणि आत येऊन पहिलं काम काय करायची, तर केळ्याचे दोन तुकडे करून गुळाच्या खड्यासकट एक तुकडा भिंतीवरून रोझलीनबाईंना द्यायची. सूर्य दाखवणाऱ्याचा मान पहिला. बावीस वर्षं हे चाललं.

मग घंटी आली, आणि ती आणणाऱ्यांत मैनाआईची लेक यशवंतीच होती.

यशवंती गन्नू बेटाच्या हवामान केंद्रात निकट-अंदाजाच्या, म्हणजे पुढच्या काही तासांचं आकाश सांगणाऱ्या टेबलावर होती. लग्न केलं नव्हतं. आई आणि ती, दोघीच. तिच्या उमेदवारीच्या काळात पुढच्या चोवीस तासांचा अंदाज जवळजवळ रोज तोच असे: आकाश अंशतः ढगाळ, मध्य पठारावर हलक्या सरी, वारा आग्नेयेकडून. लोक चेष्टा करीत की हे तर आमची कोंबडीही सांगेल. पण मधल्या वर्षांत घरोघरी छपरावर सोलर पॅनल बसले, आणि केंद्रातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे पॅनल म्हणजे वर लावलेले डोळेच आहेत. ढगाची सावली पडली की पॅनलची वीज घटते, ऊन आलं की वाढते. दोन लाख छपरं क्षणाक्षणाला हे सांगू लागली, तर ढगाचा प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक भोक कुठून कुठे सरकतंय ते जमिनीवरून दिसेल.

त्यासाठी केंद्रात बसवलेलं यंत्र काय करायचं, तर आत्ताच्या आकाशाच्या हजार प्रती मनात धरायचं. प्रत्येक प्रत दुसरीहून केसभर वेगळी. मग ती हजार आकाशं पुढे चालवायचं, आणि दर मिनिटाला छपरांची साक्ष काढून ज्यांची साक्ष जुळत नाही ती आकाशं पुसून टाकायचं. उरतील त्यांवरून सांगायचं की अमुक घरावर अकरा वाजून दहा मिनिटांनी ऊन, चार मिनिटं. सहा तासांपर्यंत हे बिनचूक यायचं. सहाव्या तासानंतर केसभराचा फरक वाढून डोंगराएवढा व्हायचा आणि यंत्र मुकाट्याने गप्प बसायचं. त्याचा हा गुण यशवंतीला फार आवडायचा. जे कळत नाही ते ते बोलत नसे.

घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक हाताएवढा डबा लागला. पाऊस यायच्या आधी एक आवाज, ऊन यायच्या आधी दुसरा. यशवंतीने आपल्या घरच्या डब्यात उन्हासाठी देवघरातल्या घंटेचा आवाज भरला. पहिल्या दिवशी घंटी वाजली, मैनाआई सावकाश पदर सावरत अंगणात आली, आणि सांगितल्या मिनिटाला ढग फाटला.

"अगं बाई," मैनाआई म्हणाली, "हा तर वेळेवर येणारा पाहुणा झाला."

त्या दिवशीही तिने केळ्याचा तुकडा भिंतीवरून पुढे केला. रोझलीनबाईंनी तो घेतला, पण म्हणाल्या, "आज मी कुठे दाखवला, मामा मैना? फुकटचं कसं खाऊ?" पुढे पुढे त्यांनी वर बघणंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणून कपडेही घरातच वाळवू लागल्या. दोघींचं भांडण नव्हतं. फक्त एकमेकींना हाक मारायचं कारण उरलं नव्हतं. यशवंतीच्या हे लक्षातही आलं नाही. आईची धावपळ वाचली, एवढंच तिला दिसलं.

मैनाआईला अठ्ठ्याहत्तरावं लागलं तेव्हा तिचे डोळे बरेच मंदावले होते. माणूस आकारावरून ओळखायची, उजेड-अंधार कळायचा, पण ढगाच्या कडेला आलेला सूर्य कुठला आणि नुसती पांढरी झळाळी कुठली, ते सांगता येत नसे. साखरेचा आजार होताच. दंडावर औषधाची चकती चिकटवलेली असे, साखर उतरवणारं औषध आठवडाभर आपोआप सोडणारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ही चकती उपास ओळखत नाही, आजी. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही."

"मला कळतं ना," मैनाआई म्हणाली होती.

त्या वर्षी श्रावणात वाऱ्याने हट्टच धरला. सोमवार कोरडा गेला, म्हणजे सूर्याविना गेला. मंगळवारही. मैनाआईने दोन दिवस पाणी आणि पातीचहाचा काढा एवढ्यावर काढले. बुधवारी सकाळी यशवंती निघाली तेव्हा आईने चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"आई, आज नाही दिसला तर जेवायचं हं. माझी शपथ."

"शपथा घालून घास गिळत नाहीत, यशू. जा तू, उशीर होतोय. ये लवकर."

केंद्रात येऊन तिने पहिल्यांदा आपलं घर पाहिलं. पुढचे सहा तास ढग. दहा वाजता पाहिलं, ढग. साडेअकराला पाहिलं, ढग. हजार आकाशांपैकी एकातही वाक्वाच्या त्या टोकाला भोक नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे दोन्ही हातांनी धरलेला तो पेला येत राहिला.

टेबलावरच्या माणसाला एखाद्या घरची घंटी हाताने वाजवता येई. डबा चालतो की नाही ते पाहायची ती सोय होती. यशवंतीने कधी खोटं बोलायचं नाही असा नेम लहानपणापासून पाळला होता. बाजारातही ती "बघते" म्हणायची, "येते" म्हणायची नाही. पण त्या क्षणी तिला वाटलं, आपण कुठे बोलतोय? घंटी वाजेल, एवढंच. तिने कळ दाबली आणि लगेच घरी फोन लावला.

"आई, घंटी वाजली का गं? बाहेर ये. आलाय बघ. लवकर, फार वेळ नाही थांबणार."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. वाऱ्याचा घोंघाट आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई? दिसला का?"

"हो," मैनाआई म्हणाली. "दिसला."

"मग जेव आता. फराट्याची पोळी झाकून ठेवलीय, भाजी गरम करून घे."

"जेवते. तू जेवलीस का?"

यशवंतीच्या डोळ्यांना पाणी आलं. सुटकेचं होतं ते. तेवढ्यात पडद्यावर यंत्राचा प्रश्न उमटला. या घरी उन्हाची घंटी वाजवली गेली, पण छप्पर सांगतं की ऊन नाही. दोन्ही जुळत नाही, कारण सांगा. खाली निवडायला चार-पाच कारणं होती. "माणसाने खोटं सांगितलं" असं त्यांत कुठेच नव्हतं. तिने "पॅनल बिघडला" यावर बोट ठेवलं. यंत्राने विचारलं, तपासणी होईपर्यंत या छपराची साक्ष वगळावी का? तिने "हो" म्हटलं. पडद्यावर दोन लाख ठिपक्यांतला एक ठिपका राखाडी झाला.

उद्या नीट करू, असं तिने ठरवलं. पण तो ठिपका परत हिरवा करायचा तर तपासनीस घरी येणार, पॅनल धडधाकट सापडणार, आणि मग विचारणार की बाई, बिघडला असं कुणी सांगितलं? उद्याचं परवावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाआईने आपला पाट उचलून अंगणात, फणसाजवळ नेऊन मांडला. अंगावर शाल घेतली आणि वाऱ्यात बसली.

"आई, आत बस ना. घंटी वाजेल तेव्हा ये."

"वाजू दे गं. घंटी मला हल्ली नीट ऐकू येत नाही. ऊन अंगावर पडलं की कातडीला कळतं."

मैनाआईला घंटी चांगली ऐकू येत होती. दोन घरं पलीकडच्या बाळाचं रडणंही तिला ऐकू यायचं. यशवंती उंबऱ्यात उभी राहिली. विचारावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ती पायात चपला सरकवून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ढग बसला. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी समुद्र इतका उसळला की बंदरातून, मासेमारांकडून, शाळांकडून फोनवर फोन. अकरा वाजून सात मिनिटांनी घरचा फोन आला.

"यशू, कामात आहेस का?"

"बोल आई, लवकर."

"अंगावर ऊन आल्यासारखं वाटतंय. गालावर आलंय, हातावर आलंय. डोळ्यांना नुसतं पांढरं पांढरं दिसतं. तुझं यंत्र काय म्हणतं?"

यशवंतीने दुसरा फोन खांद्यात धरून पडद्याकडे पाहिलं. आपलं घर. दुपारी साडेतीनपर्यंत ढग.

"नाही आई. ऊन नाहीये. साडेतीनपर्यंत ढगच आहे."

"नक्की?"

"नक्की. ढगामागचा उजेड असेल. तू आत जा, वारा लागतोय तुला."

"बरं," मैनाआई म्हणाली. "तू म्हणतेस तर भासच असेल माझा. आता पुन्हा चूक नको व्हायला."

पुन्हा? तो शब्द यशवंतीच्या कानात गेला, पण बंदराचा माणूस दुसऱ्या कानात ओरडत होता.

दोनच्या सुमाराला रोझलीनबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. मामा मैना पाटावरून कलंडली होती, अंग घामाने भिजलेलं, हाक मारली तर ओ देत नव्हती. गाडी बोलावली होती. यशवंती इस्पितळात पोचली तेव्हा आईला आत नेलेलं होतं आणि बाहेरच्या बाकावर रोझलीनबाई हातात माळ धरून बसल्या होत्या.

"ती जेवली का नाही, यशू?" त्यांनी विचारलं. "आज तर सूर्य आला होता."

"आज नव्हता आला."

"नव्हता कसा? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. अकराच्या पुढे. मांजर उठून त्या तुकड्यात जाऊन बसलं. मी म्हटलंसुद्धा, सोलेय. ओरडणार होते..." त्यांनी माळ मुठीत आवळली. "मग म्हटलं, यांच्याकडे घंटी आहे. वाजलीच असेल. आपण कशाला मध्ये?"

यशवंतीला त्या बाकावर बसल्या बसल्या सगळं उलगडलं. तिचं आणि आईचं घर गल्लीच्या शेवटी. त्यापलीकडे, वारा येतो त्या बाजूला, नुसता ऊस आणि तळं. रोझलीनबाईंच्या जुन्या पत्र्यावर पॅनल नव्हताच. "माझ्या डोक्यावर काच नको," म्हणून त्यांनी कधी बसवून घेतला नव्हता. म्हणजे गावाच्या त्या कडेला, वाऱ्याकडचं पहिलं छप्पर तिचंच. ढगाचं भोक तळ्यावरून आलं, अंगणावर थांबलं आणि गल्ली ओलांडायच्या आत मिटलं. ते पाहणारा एकच साक्षीदार होता आणि तो ऊन, ऊन म्हणून ओरडत होता. यंत्र त्याचं ऐकत नव्हतं, कारण तो खोटा आहे असं तिने सांगितलं होतं.

जिथे ऊन नव्हतं तिथे तिने ऊन सांगितलं. आणि जिथे होतं तिथे नाही म्हणाली.

मैनाआई चार दिवस इस्पितळात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली. डोळे मिटलेलेच होते. यशवंतीने तिचा हात हातात घेतला. सांगायला ती गेले दोन दिवस शब्द जुळवत होती.

"आई, त्या बुधवारी..."

"नव्हता ना गं?" मैनाआई पुटपुटली. "माहीत होतं मला. गालाला नुसता गार वारा लागत होता."

"मग दिसला का म्हणालीस?"

मैनाआईने श्वास घेतला. बोलायला तिला वेळ लागत होता.

"तू तिकडून इतकी घाईने सांगत होतीस. तुझा शब्द खाली कसा पडू देऊ? जेवले मी. देवाला सांगितलं, पोरीचा मान राखला, रागावू नकोस. परवा मात्र आला होता वाटतं. फार छान ऊब होती."

"आला होता, आई. खरंच आला होता. मीच..."

"असू दे. मग दर्शन झालं म्हणायचं."

यशवंतीने केळ्याचा कण तिच्या ओठांना लावला. तिने तो घेतला की नाही, ते नीटसं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेरा दिवस झाल्यावर यशवंती कामावर गेली. तिने सगळ्यात आधी वरिष्ठांसमोर बसून घडलं ते सांगितलं. त्यांनी तिला महिनाभर टेबलावरून दूर ठेवलं आणि डब्यांमधली हाताने घंटी वाजवायची सोय काढून टाकली. महिन्यानंतर तिने तो राखाडी ठिपका उघडला. या छपराची साक्ष पुन्हा मानण्याचं कारण यंत्राने विचारलं. या वेळी तिने तयार कारणांपैकी एकही निवडलं नाही. रिकाम्या चौकटीत लिहिलं, "छप्पर खरं बोलत होतं." यंत्राने ते विनातक्रार मान्य केलं, गेलेल्या दिवसांची आकाशं नव्याने मांडली, आणि आई कलंडली त्या दिवसासमोर ओळ उमटली: अकरा वाजून पाच मिनिटं ते अकरा वाजून अकरा, ऊन. सहा मिनिटं. हात जोडायला एक पुरलं असतं.

पुढच्या आषाढीला यशवंतीने व्रत धरलं. आपल्या घरचा डबा भिंतीवरून काढून फडताळात ठेवला, आणि सुट्टीच्या दिवशी आईचा पाट फणसाजवळ मांडून बसू लागली. कामाच्या दिवशी केंद्राच्या पायरीवर उभी राहायची; पडद्यावर आपलं घर ती पाहत नसे. रोझलीनबाईंना तिने काही सांगितलं नव्हतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहते तर बाई काठी टेकत भिंतीपाशी आलेल्या, आणि हनुवटी वर करून आकाशाकडे बघत उभ्या.

"कपडे वाळत घालायचेत?" यशवंतीने विचारलं.

"नाही. मान आखडलीय, मोकळी करते," बाई म्हणाल्या.

श्रावणात ढग बसला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळपासून यशवंती पाटावर होती. पोटात खड्डा पडला होता, वारा शालीतून आत शिरत होता. रोझलीनबाई चर्चला न जाता दोनदा भिंतीपाशी येऊन गेल्या. दोन्ही वेळा त्यांनी आधी वर पाहिलं, मग यशवंतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दुपार टळत आली होती. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"सोलेय!" त्या एकदम ओरडल्या. आवाज चिरकला. "यशू, सोलेय! तिकडे, फणसाच्या मागे! लवकर बघ, चालला!"

यशवंती उठली. फणसाच्या मागे ढग होता, त्यामागे ढग होता. तिने गाल वर केला. गालाला नुसता गार वारा लागला.

ती वळली. रोझलीनबाई भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत होत्या, मान खाली घालून.

त्या बुधवारी फोनवर जो बराच वेळ गेला होता, त्यात आई काय करत होती ते यशवंतीला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने ढगाकडे तोंड करून हात जोडले.

"दिसला का?" रोझलीनबाईंनी विचारलं.

"हो," यशवंती म्हणाली. "दिसला."

तिने आत जाऊन केळ्याचे दोन तुकडे केले, गुळाचा खडा घेतला, आणि एक तुकडा भिंतीवरून पुढे केला. रोझलीनबाईंनी तो घेतला, पण किती तरी वेळ नुसता हातात धरला. मग दोघींनी एकदमच घास तोंडात घातला. वर छपरावरच्या पॅनलने कुणाचाही मान न राखता त्या वेळेला "ढग" अशी नोंद केली. यशवंतीने ती तशीच राहू दिली.